ओसरीवरून : विनाकारण प्रवास

आपल्या घरांतून कोणी प्रवासास निघालें, म्हणजे ओसरीवर बसलेलें माणूस दोन प्रश्न हटकून विचारतें. पहिला ‘कोठें?’ आणि दुसरा ‘कशाला?’ पहिल्याचें उत्तर मोघम असलें तरी चालतें. दुसऱ्याचें मात्र चोख लागतें. काशी, रामेश्वर, पंढरपूर हीं उत्तरें चोख. भाच्याची मुंज, मावसबहिणीच्या मुलीचें लग्न, कोणाचें तरी तेरावें, दवाखाना, कोर्टाची तारीख, हींहि चोख. परंतु एखादें जोडपें ‘सहज’ असें उत्तर देऊन निघालें, तर विचारणाराच्या कपाळास आठी पडते, आणि निघणाऱ्यांच्या मनांतहि आपण घरांतलें कांहीं चोरून नेत आहों अशी भावना उत्पन्न होते. या महिन्यांत या ‘सहज’ शब्दाविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे. कारण गेल्या पौषांत आम्ही उभयतां असेंच सहज, मुंबईहून गोव्यास व गोव्याहून परत मुंबईस, तीन रात्रींचा समुद्रप्रवास करून आलों.

समुद्रप्रवास म्हटला कीं, संस्कृत शिकलेल्या माणसास प्रथम शास्त्रार्थ आठवतो. बौधायनाच्या धर्मसूत्रांत समुद्रसंयान हें उत्तरेकडील लोकांच्या विशिष्ट आचारांत गणलें आहे, आणि पुढें त्याच ग्रंथांत तें पतनीय कर्मांच्या यादींतहि आलें आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धास न बोलवावयाच्या ब्राह्मणांत समुद्रयायी बसला आहे. मागाहूनच्या निबंधकारांनीं द्विजांच्या समुद्रगमनाची गणना कलिवर्ज्यांत केली. या सर्वांचा साधकबाधक विचार महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत केला आहे; जिज्ञासूंनीं तो अवश्य पाहावा. आमच्यापुरतें बोलावयाचें तर, ज्या गोष्टीचा पुनःपुन्हां निषेध करावा लागतो ती लोक पुनःपुन्हां करीत असलेच पाहिजेत, एवढा बोध त्यांतून निघतो. आज प्रायश्चित्त कोणी विचारीत नाहीं. परदेशीं राहणाऱ्या मुलाकडे जाऊन आलेलीं आईबापें आतां प्रत्येक आळींत आहेत. शास्त्राची अडचण सरली, ‘कशाला?’ हा प्रश्न मात्र सरला नाहीं.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचेंच उदाहरण घ्यावें. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. निघण्यापूर्वीं, त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत, बंगालमधील श्रीरामपूर येथें भर सभेंत उभें राहून आपण कां जातों हें त्यांस सांगावें लागलें. कारण मोठें होतें. तें त्यांनीं निर्भयपणें सांगितलें, आणि १८८६ सालीं वैद्यकाची पदवी मिळवून खरेंहि करून दाखविलें. परंतु या कथेंतील एक लहानशी बाब मनाला चटका लावून जाते. जातांना गोपाळराव बरोबर नव्हते. नवराबायको मिळून समुद्रावरून आलीं तीं परततांना, १८८६ च्या उत्तरार्धांत. आणि तेव्हां आनंदीबाईंस क्षयानें ग्रासलें होतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. महाराष्ट्रांतील एका नामांकित जोडप्यास शेजारीं बसून समुद्र पाहावयास मिळाला, तो असा आजाराच्या सोबतीनें.

आम्ही राहतों अंबाजोगाईस, म्हणजे बालाघाटच्या डोंगरांत. समुद्र आम्हांला परका. आमच्या योगेश्वरीशीं मात्र समुद्राचें जुनें नातें आहे. अनेक कोंकणस्थ कुटुंबांची ती कुळदेवता. त्यामुळें किनाऱ्यावरचीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या घाट चढून आमच्या गांवीं येत आलीं आहेत. त्यांच्या तोंडून लहानपणीं आगबोटीच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या. परंतु समुद्र ज्यांच्या अंगणासारखा, त्यांचाहि समुद्रप्रवास कधीं सहजचा नव्हता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटींतून गिरणींतला कामगार शिमग्याला आणि गणपतीला गांवीं जाई, आणि येतांना तांदुळाचें गांठोडें घेऊन येई. बोट म्हणजे पोहोंचण्याचें साधन. तीहि नेहमी पोहोंचवीच असें नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईच्या बंदराबाहेर पडतां पडतां वादळांत सांपडून उलटली, आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. पुढें मोटारीच्या रस्त्यानें आणि १९९८ सालीं पूर्ण झालेल्या कोंकण रेल्वेनें त्या जुन्या बोटींची गरजच उरूं दिली नाहीं.

मग बोट परत आली ती निराळ्याच रूपानें. २०१८ च्या ऑक्टोबरांत कान्होजी आंग्र्यांच्या आडनांवाची ‘आंग्रिया’ ही बोट मुंबई ते गोवा अशी केवळ सहलीसाठीं सुरू झाली. कोविडच्या साथींत तिच्या फेऱ्या थांबल्या. सप्टेंबर २०२१ मध्यें कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही मोठी बोट मुंबईहून जाऊं लागली. फ्रान्समधील सँ-नाझेर येथें १९९० सालीं बांधलेली ही नौका सुमारें दोनशें दहा मीटर लांब व अकरा मजल्यांची आहे. तिचें एकूण टनेज ४८ हजारांवर आहे, असें वाचून आमच्या धाकट्या नातवानें इतक्या वजनाची वस्तु तरंगते कशी, असा प्रश्न केला. हा आंकडा वजनाचा नसून बोटीच्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेला असतो; तरंगण्यासाठीं बोट आपल्या वजनाइतकें पाणी बाजूला सारते, हें आर्किमिडीजचें तत्त्व त्याला या निमित्तानें नीट समजलें. जुन्या बोटींत आणि या बोटींत मुख्य भेद एकच. पूर्वीं बोटीनें कोठेंतरी जावयाचें असे. आतां बोटीवर जावयाचें असतें. गोवा आला काय आणि न आला काय, प्रवास पुरा होतोच.

याच बोटीवर आमच्या विवाहास चाळीस वर्षें झाल्याबद्दल मुलांनीं व सुनांनीं आम्हां उभयतांची जागा धरली. खर्च माझ्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतका. तो ऐकून आमच्या कुटुंबानें प्रथम नकारच दिला. घरांत नव्वदीच्या घरांतल्या आमच्या मातुश्री. त्यांचें सोंवळें, त्यांचीं औषधें, देवपूजेची तयारी, चार नातवंडांचे चार प्रकारचे डबे. मातुश्रींनींच अखेर निकाल दिला, “जा बाई. मी कुठें पळून चाललें नाहीं.” मग सौ.नीं सुनांसाठीं एक यादी लिहून स्वयंपाकघरांत चिकटविली. तिच्यांत सत्तावीस कलमें होतीं. विरजण किती वाजतां लावावें येथपासून तुळशीचें पाणी कोणत्या तांब्यानें घालावें येथपर्यंत. शेजारीं मात्र ‘गोव्यास मंगेशीच्या दर्शनाला जाऊन येतों’ असें सांगण्यांत आलें. वाचकहो, हें उत्तर लक्षांत ठेवा. चाळीस वर्षें संसार केलेल्या स्त्रीला चार दिवस घराबाहेर जावयाचें तर देवाचें नांव पुढें करावें लागतें, एवढें त्यांत आलें.

लातूरहून रात्रींच्या गाडीनें मुंबई गांठली. बोट सुटण्यापूर्वीं सर्व उतारूंस एकत्र करून, संकट आल्यास कोठें जमावें व तरंगावयाचें जाकीट कसें बांधावें याची माहिती देतात. तिला हंसणारे पुष्कळ असतात, पण ती शहाणपणाची गोष्ट आहे. १९१२ सालीं टायटॅनिक बुडाली, त्यानंतर १९१४ सालीं समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला; आणि २०१२ च्या जानेवारींत इटलीच्या किनाऱ्याशीं कोस्टा काँकॉर्डिया ही सहलीची बोट कलंडली, त्यानंतर ही माहिती बोट सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच दिलीच पाहिजे असा नियम झाला. ‘रामदास’च्या उतारूंना असें कांहीं मिळालें असतें तर, हा विचार त्या जागेवरून जातांना मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. उजवीकडे कुलाब्याच्या टोंकाजवळचा प्राँगचा दीपस्तंभ, १८७५ सालचा. डावीकडे खांदेरीचा दिवा. सूर्य बुडाला तसें मीं सायंसंध्येचें अर्घ्य दिलें, आणि जमीन दिसेनाशी झाली.

दुष्काळी मुलखांतील माणसास बोटीवर सर्वांत नवल वाटतें तें नळाचें. बाहेर जें पाणी ओठाला लावतां येत नाहीं, त्यांतूनच यंत्रांनीं गोडें पाणी करून घेतां येतें. आम्ही मांजरा धरणावर जगणारीं माणसें. २०१६ च्या उन्हाळ्यांत तें धरण कोरडें पडलें, आणि मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावें लागलें, तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. त्यामुळें त्या गुळगुळीत न्हाणीघरांतहि आमच्या घरांतून तोंडाला साबण लावतांना नळ बंद होत होता, व पुन्हां उघडत होता. संवय समुद्रावर गेल्यानें सुटत नाहीं.

कामाची संवय तर त्याहून चिवट. पहिल्या पहांटे साडेचार वाजतां सौ. उठून बसली. दूध तापवावयाचें नाहीं, आंघोळीचें पाणी ठेवावयाचें नाहीं, कोणाला उठवावयाचें नाहीं. अर्धा तास ती हात मांडीवर ठेवून बसली, मग दोन्ही अंथरुणांच्या चादरी काढून घडी घालून ठेवल्या. सकाळीं खोली आवरावयास आलेला रत्नागिरीकडचा तरुण घड्या पाहून थबकला आणि म्हणाला, “मावशी, हें तुम्हीच केलंत तर मी काय करूं?” जेवणाच्या दालनांत दुसरा प्रसंग. शाकाहारी व जैन पद्धतीचें बिनकांदा-लसणाचें अन्न बोटीवर निराळें मिळतें, तेव्हां आहाराची चिंता नव्हती. वाढप्यानें तव्यावरून उतरलेली पोळी तिच्या पानांत घातली. ती माझ्याकडे पाहूं लागली. एकत्र कुटुंबांतील गृहिणी मागच्या पंगतीस बसते. गरम पोळी ती करते, खाते ती निवलेली. “अहो, पहिल्या पंगतीची पोळी अशी लागते होय!” एवढेंच ती बोलली, आणि जेवली मात्र नेहमीपेक्षां सावकाश.

किनारा दूर गेल्यावर मोबाइल मुका झाला. घराची खबर मिळण्याची सोय उरली नाहीं. वाचकांपैकीं ज्या दांपत्यांच्या संसारास बरींच वर्षें झालीं आहेत, त्यांस ठाऊक असेल कीं, आपलें परस्परांशीं होणारें बहुतेक संभाषण हें तिसऱ्याविषयीं असतें. मुलाची बदली, नातीचा ताप, मातुश्रींचें दुखणें, गॅसचा नंबर. हे विषय त्या दिवशीं दुपारपर्यंत पुरले, मग संपले. एकत्र कुटुंबांत नवराबायको एका छपराखालीं राहतात, पण एकमेकांजवळ क्वचितच असतात. त्यांत कोणाचा दोष नाहीं. घराची रचनाच तशी आहे. दिवसा वडील मंडळींची मर्यादा, रात्रीं उद्यांच्या कामाचा थकवा. समोर नुसतें पाणी आणि हातांत कांहीं नाहीं, अशा स्थितींत दोन माणसांनीं एकमेकांशीं काय बोलावें, हा प्रश्न आमच्यापुढें साठीनंतर प्रथम आला.

बोट मार्मगोव्याच्या बंदरास लागली. उतारू घोळक्यांनीं खालीं उतरले. मंगेशीस नेणारी मोटार ठरवितां येत होती. मीं धोतर बदलून तयारहि झालों. सौ. कठड्याजवळच्या खुर्चींत बसली होती. ती म्हणाली, “देव घरींहि आहे. मी इथूनच हात जोडतें. आज कुठें जायलाच नको.” मीं विचारलें, “कां ग?” आणि ती म्हणाली, “सहज.” तो दिवस आम्हीं त्या जवळजवळ रिकाम्या बोटीवर काढला. तिनें मंगेशीच्या दिशेस नमस्कार केला, आणि मग तिच्या माहेरच्या गोष्टी सुरू झाल्या. त्यांतल्या निम्म्या मीं पूर्वीं ऐकल्या नव्हत्या, कारण निम्म्यावर आल्या कीं घरांतून कोणाची तरी हांक येत असे.

त्या रात्रीं बोट उत्तरेस तोंड करून निघाली. दिव्यांच्या झगमगाटापासून दूर अशा एका अंधाऱ्या कडेला आम्ही उभे होतों. ध्रुव समोर होता, पण नेहमीपेक्षां खालीं. मार्मगोव्याचा अक्षांश सुमारें साडेपंधरा अंश, अंबाजोगाईचा पावणेएकोणीस. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची ही त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी असते, म्हणून तो तीनएक अंश उतरलेला. हें मी सांगत असतां सौ.नें उजव्या हाताला पूर्वेकडे बोट केलें आणि म्हणाली, “तें तिकांडें. आणि त्याच्या रोखानें खालीं व्याध.” मृग नक्षत्रांतील एका ओळींतल्या तीन ताऱ्यांना आपल्याकडे तिकांडें म्हणतात. ऐतरेय ब्राह्मणांत हीच कथा आहे. प्रजापति मृग झाला, मृगव्याधानें त्यावर बाण सोडला, आणि त्या बाणाचें नांव त्रिकांडा. लोकमान्यांनीं १८९३ सालच्या आपल्या ‘ओरायन’ ग्रंथांत याच मृगावरून वेदकाळाचा विचार केला. मला तो शब्द ग्रंथांतून मिळाला. तिला तो केज तालुक्यांतील शेतांत, जोंधळ्याच्या राखणीच्या माळ्यावर, तिच्या वडिलांकडून मिळाला होता. ब्राह्मणग्रंथांतील शब्द आणि माळ्यावरचा शब्द एकच निघाला, हा आनंद मला कोणत्याहि पाठशाळेंत मिळाला नसता. आमच्या गच्चीवरून हेच तारे रोज दिसतात. परंतु त्या वेळीं ती ओटा पुसत असते.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. खोली आवरणाऱ्या त्या तरुणाशीं सौ.ची चांगली गट्टी जमली. तो कित्येक महिन्यांच्या करारावर घर सोडून येतो. बायको आणि लहान मुलगी गांवीं. आमची विश्रांति हें त्याचें काम. त्याला झोंप कधीं मिळते, असें तिनें विचारलें, तेव्हां त्यानें सांगितलें कीं, त्यासाठीं कायदा आहे. ही गोष्ट खरी आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या २००६ सालच्या सागरी कामगार करारांत विश्रांतीचें माप घालून दिलें आहे. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यांत किमान सत्त्याहत्तर. कामाचा व विश्रांतीचा तक्ता बोटीवर कामगारांस सहज पाहतां येईल अशा जागीं लावावा लागतो. भारतानें हा करार २०१५ सालीं मान्य केला. हें ऐकून सौ. म्हणाली, “मग आपल्या घरीं असा तक्ता कुठें लावायचा? चुलीमागें, कां देव्हाऱ्यावर?”

थट्टेनें विचारलेला हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणींत असें आढळलें कीं, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसास सरासरी २८९ मिनिटें वेळ जातो, आणि करणाऱ्या पुरुषांचा ८८. मोठ्या एकत्र कुटुंबांतील वडील सुनेचा हिशेब याहून अधिक भरेल, हें सांगण्यास पाहणीची गरज नाहीं. बोटीवरच्या नोकराला जो हक्क आहे, तो घरच्या लक्ष्मीला नाहीं.

आणि आपल्या ओसरीच्या बाहेर पाहावें, तर आमच्या बीड जिल्ह्यांत जोडप्याचा प्रवास म्हणजे काय, हें सर्वांस ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों ऊंसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. तेथें नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात. दोन माणसें नव्हे, एक हत्यार. बाई पहांटेपूर्वीं उठून भाकरी करते, दिवसभर ऊंस तोडते, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एक दिवस पडून राहिली तर खाडा, आणि खाड्याला दंड. राज्य सरकारनें नेमलेल्या समितीच्या २०१९ सालच्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील सुमारें ८२ हजार ऊंसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढल्याचें आढळलें. काम चुकूं नये यासाठीं शरीराचा एक भागच काढून टाकावयाचा! सुट्टी नसण्याची परिसीमा याहून वेगळी कोणती? त्या बायांच्या दुःखाशीं सुखवस्तु घरांतल्या गृहिणीची तुलना करणें उचित नव्हे, आणि मी ती करीतहि नाहीं. परंतु मूळ समजूत एकच आहे. बाईचा दिवस हा कामाचा दिवस, आणि काम नसलेल्या दिवसाला तिनें कारण दाखविलें पाहिजे.

कोणी म्हणतील, आमच्या घरच्या स्त्रिया यात्रेस जातात, ती विश्रांतीच नव्हे काय? यात्रेचें पुण्य मोठें. परंतु धर्मशाळेंत स्टोव्ह पेटवून वीस माणसांची खिचडी कोण करतें? मुलांचीं तोंडें कोण धुतें? यात्रेंत गृहिणीचें स्वयंपाकघर तिच्याबरोबर चालत असतें. दुसरे म्हणतील, बोटीवर जुगार आहे, मद्य आहे, रात्रभर गाणेंबजावणें आहे, आणि तेलाचा धूर समुद्रावर सोडीत हिंडणें हा कोणता सात्त्विक आनंद? हे आक्षेप खोटे नाहींत. बोटीवर जुगाराचें दालन आहे. त्याच्या दारावरून जातां येतें, आंत जावेंच लागत नाहीं. धुराचें आणि खर्चाचें उत्तर माझ्याजवळ इतकेंच कीं, अशी बोट कोणी दरवर्षीं धरावी असें मी म्हणत नाहीं, आणि पुष्कळ घरांनीं ती कधींच धरूं नये. बोटीनें जें दिलें त्याला समुद्र लागत नाहीं. दोघांसाठीं चार दिवस, हांकेच्या अंतराबाहेर, आणि तिच्या पानांत दुसऱ्या कोणीं वाढलेली गरम पोळी, एवढेंच लागतें. औंढ्याच्या वाटेवरील एखादें साधें विश्रामगृह, किंवा एखाद्या मित्राचें शेतांतलें रिकामें घरहि तें देऊं शकेल.

परत आल्यावर सौ.नें प्रथम यादी पाहिली. सत्तावीस कलमांपैकीं चार सुनांनीं आपल्या रीतीनें केलीं होतीं. विरजण उशीरां लागलें होतें आणि दहीं उत्तम झालें होतें. मातुश्री खुशाल होत्या. घर आपल्यावांचून चालतें, हें कळून गृहिणीस थोडें वाईट वाटतें. तसें तिला वाटलें, आणि दोन दिवसांनीं त्याचेंच समाधानहि वाटूं लागलें. कारण घर जर तिच्यावांचून चार दिवस चालूं शकतें, तर तिला चार दिवस मोकळें करणें शक्य आहे, हें सिद्ध झालें.

यावरून आमच्या घरीं एक नियम ठरला आहे. तो सांगतों, वाचकांस पटल्यास त्यांनीं आपल्या घरीं करून पाहावा. घरांतील प्रत्येक जोडप्यास वर्षांतून चार दिवस मिळावयाचे. ते कोठें जातात हें त्यांचें त्यांनीं ठरवावयाचें, आणि त्या काळांत त्यांचीं मुलें, देव व डबे हीं बाकीच्यांनीं, पुरुषांसकट, सांभाळावयाचीं. ही सोय साठीची वाट पाहावयास लावणारी नसावी. नव्या संसाराला तिची गरज जुन्या संसाराहून अधिक असते. पहिली पाळी चैत्रांत मोठ्या सुनेची. नियमाचें शेवटचें कलम मातुश्रींनीं घातलें, आणि तेंच सर्वांत महत्त्वाचें आहे. निघतांना त्यांस ‘कोठें?’ असें विचारावें, कारण काळजी असते. ‘कशाला?’ असें मात्र ओसरीवरून कोणींहि विचारूं नये.